अंगावरच्या रेषा, रक्ताचा नॉर्मल रिपोर्ट आणि मोझेइसिझम

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ती)

मी जनुकीय तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. बाळाच्या अंगावर जन्मापासून तपकिरी, पांढरट किंवा खरखरीत पट्टा असतो. डॉक्टर म्हणतात, जनुकीय असू शकेल. रक्त तपासणीला येतं, रिपोर्ट नॉर्मल निघतो आणि घरचे धरून चालतात की जनुकांचा काही संबंध नाही. पण तो पट्टा बऱ्याचदा जनुकीयच असतो. दोष रक्तातल्या पेशींत नसतो, त्या पट्ट्यातल्या पेशींत असतो. हे कसं होतं ते जरा सविस्तर लिहिते.

आपण सगळे एका फलित पेशीपासून बनलो. तिचं विभाजन होत जातं आणि दर विभाजनाला सुमारे ६ अब्ज अक्षरांचा डीएनए नव्याने उतरवून काढावा लागतो. त्यात चुका होतात. बहुतेक तिथल्या तिथे दुरुस्त होतात, एखादी राहून जाते. राहून गेलेली चूक त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांत जाते, शेजारच्या पेशींच्या पिढ्यांत मात्र जात नाही. त्यामुळे एकाच माणसाच्या शरीरात जनुकीयदृष्ट्या वेगळे असे दोन (किंवा जास्त) पेशीसमूह नांदू लागतात. हाच मोझेइसिझम.

तसा तो प्रत्येकात असतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांच्या पापण्यांची दिसायला अगदी निरोगी त्वचा तपासली, तेव्हा साधारण पाव हिस्सा पेशींत कॅन्सरशी संबंध असलेल्या जनुकांमधले बदल सापडले. ते आयुष्यभरात, मुख्यतः उन्हामुळे साठलेले. या धाग्याचा विषय आहे तो जन्माआधी, भ्रूणावस्थेत झालेला बदल. तो जितक्या लवकर झाला तितका शरीराचा मोठा भाग व्यापतो. फार लवकर झाला तर त्वचेबरोबर हाडं, मेंदू, डोळे यांतही पोचतो; उशिरा झाला तर एखाद्या बोटाएवढ्या पट्ट्यावर भागतं.

आता त्या रेषांबद्दल. १९०१ साली बर्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ आल्फ्रेड ब्लाश्को यांनी शंभराहून अधिक रुग्णांच्या अंगावरचे पट्टे बारकाईने टिपून घेतले आणि ते सगळे एकाच आकृतीवर उतरवले. निरनिराळ्या आजारांचे पट्टे, पण वाट एकच निघाली. पाठीवर कण्याशी टोक असलेला इंग्रजी व्ही, पोटाच्या बाजूंवर एस, डोक्यावर भोवरा, हातापायांवर लांबीच्या दिशेने उतरत जाणाऱ्या रेघा. ही वाट ना मज्जातंतूंची होती, ना रक्तवाहिन्यांची, ना लसिकावाहिन्यांची. याचं मूळ भ्रूणाच्या वाढीत असावं असं त्यांनी तेव्हाच सुचवलं होतं. डीएनएची रचना कळायला अजून अर्धं शतक बाकी होतं, हे लक्षात घेतलं की या निरीक्षणाचं मोल कळतं.

आज आपण असं समजतो: भ्रूणात त्वचेच्या मूळ पेशी मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना पसरत जातात. त्याच वेळी भ्रूण लांब होत असतो, वळत असतो. एका मूळ पेशीची सगळी प्रजा त्यामुळे वळणावळणाच्या पट्ट्यात मांडली जाते. या रेषा आपल्या प्रत्येकाच्या अंगावर आहेत. एका पट्ट्यातल्या पेशी शेजारच्या पट्ट्यापेक्षा वेगळ्या वागल्या तरच त्या दिसतात.

सगळेच मोझेइक डाग या वाटेने जात नाहीत. केराटिन (त्वचेला कणखर ठेवणारं प्रथिन) बनवणाऱ्या वरच्या थरातल्या पेशींचे पट्टे अरुंद असतात. मॅकक्युन-अल्ब्राइट सिंड्रोममध्ये (त्वचा, हाडं आणि संप्रेरकं यांवर परिणाम करणारा आजार) दातेरी कडांचे मोठे तपकिरी चट्टे दिसतात आणि ते पुष्कळदा शरीराच्या मध्यरेषेवर येऊन सरळ थांबतात. रक्तवाहिन्यांतला बदल असेल तर पोर्ट-वाइन स्टेनसारखा गुलाबी-लाल डाग. काही मुलांच्या अंगावर लांबट पानांसारखे फिके आकार असतात, त्यांचा संबंध १३व्या गुणसूत्राच्या मोझेइसिझमशी आहे. अनुभवी डॉक्टर नुसत्या आकारावरून पुढची तपासणी ठरवतात ते याचमुळे.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. काही जनुकांमधला बदल इतका तीव्र असतो की तो सगळ्या पेशींत असता तर गर्भ टिकलाच नसता. निरोगी पेशींच्या सोबतीनेच तो तगतो. हा विचार जर्मन त्वचारोगतज्ज्ञ रुडॉल्फ हॅपल यांनी १९८७ साली मांडला आणि पुढे जनुकांनी त्याला पुष्टी दिली. मॅकक्युन-अल्ब्राइटमधलं जीएनएएस जनुक १९९१ मध्ये सापडलं, प्रोटियस सिंड्रोममधलं (शरीराचे काही भाग बेसुमार वाढतात तो आजार) एकेटी१ जनुक २०११ मध्ये. प्रोटियसच्या रुग्णांत तर तेच एक अक्षर बदललेलं आढळतं. असे आजार आई-वडिलांकडून आलेले नसतात आणि पुढच्या पिढीतही जात नाहीत. हे वाक्य मी पालकांना दोनदा सांगते. पण हा नियम सगळ्या मोझेइक आजारांना लागू नाही. त्याबद्दल प्रश्न आले तर खाली लिहीन.

निळाई

फार गरजेचा धागा. माझ्या मुलीच्या मानेपासून खांद्यापर्यंत चामखिळींसारखी खरखरीत तपकिरी ओळ आहे. एपिडर्मल नीव्हस असं निदान झालंय. ती जन्मल्यापासून मला सतत वाटतं की गरोदरपणात माझ्याच हातून काहीतरी झालं असणार. घेतलेल्या औषधाने, तापाने असं होऊ शकतं का?

सूक्ष्मदर्शी

निळाईताई, नाही. एपिडर्मल नीव्हसमध्ये एफजीएफआर३, पीआयके३सीए किंवा एच-रास अशा जनुकांत एका अक्षराचा बदल सापडतो आणि तो पेशीविभाजनातली नक्कल करतानाची चूक असते. बहुतेक वेळा गर्भ अगदी लहान असताना, कधी कधी आपल्याला दिवस गेलेत हे कळण्याच्याही आधी ती होऊन गेलेली असते. तुम्ही काही केलं म्हणून ती झाली नाही आणि काही टाळलं असतं तर टळलीही नसती.

मुलीची प्रगती वयाप्रमाणे आहे ना, फिट्स नाहीत ना, डोळे आणि हातापायांची लांबी बघितली आहे ना, एवढं बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. छोटा, एकाच जागचा पट्टा असेल तर बहुधा गोष्ट त्वचेपुरतीच असते. वयात येताना तो जाड होऊ शकतो, तेव्हा घाबरू नका.

वाटसरू

माझ्या काकांना नागीण झाली होती, तीही अशीच एका बाजूला पट्ट्यासारखी होती आणि बरोबर मध्यावर थांबली होती. ती मग वेगळी कशी ओळखायची?

सूक्ष्मदर्शी

नागिणीचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दबून बसलेला असतो आणि त्या तंतूच्या क्षेत्रात उठतो. ते क्षेत्र छाती-पाठीवर बऱ्यापैकी आडवं, पट्टा बांधल्यासारखं जातं. ब्लाश्को रेषा त्याच जागी खाली घरंगळतात, व्ही आणि एसची वळणं घेतात. नागीण अचानक येते, दुखते, फोड वाळून जातात. मोझेइक पट्टा जन्मापासून किंवा लहानपणापासून असतो आणि सहसा दुखत नाही. हातापायांवर मात्र दोन्ही लांबीच्या दिशेने जातात, तिथे नुसत्या नजरेवर विसंबू नये.

कणाद

लेख आवडला, पण एक शंका. ब्लाश्को रेषेवर दिसलं की मोझेइसिझम, इतकं सरळ आहे का? लायकेन स्ट्रायेटस मुलांमध्ये अचानक याच रेषेवर उमटतो आणि आपोआप जातो. जनुकीय बदल आपोआप कसा जाईल?

सूक्ष्मदर्शी

योग्य मुद्दा. लायकेन स्ट्रायेटसचे बारीक पुटकुळ्यांचे पट्टे काही महिन्यांत, क्वचित वर्ष-दोन वर्षांत जातात. तिथे जातो तो दाह, पेशी जात नाहीत. त्या पट्ट्यातल्या पेशी आधीपासूनच किंचित वेगळ्या असाव्यात आणि प्रतिकारशक्ती एखाद्या निमित्ताने त्यांच्यावर उठत असावी, असं मानलं जातं. पण विशिष्ट जनुक दाखवून ते सिद्ध झालेलं नाही. रेष दिसली की मोझेइसिझमचा संशय घ्यावा. कोणता आजार, हे ठरवायला मात्र बाकीची लक्षणं लागतातच.

दवबिंदू

इथे माझा अनुभव थोडा उलटा आहे. माझ्या मुलीला इन्कॉन्टिनेन्शिया पिगमेंटी आहे आणि तिचं निदान रक्तातूनच झालं. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात पायांवर ओळीने फोड आले. आधी संसर्ग समजून औषधं चालली. फोड गेले तिथे चामखिळींसारखे उंचवटे आले, तेही गेले आणि मग अंगभर राखाडी-तपकिरी भोवरे उमटले. निदान झाल्यावर डॉक्टरांनी मलाही तपासलं. माझ्या पोटऱ्यांवर फिकट, केस नसलेल्या रेघा निघाल्या, एक दात लहानपणापासून निमुळता आहे. आयुष्यभर त्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं. हे मोझेइसिझममध्ये बसतं का?

सूक्ष्मदर्शी

बसतं, पण वेगळ्या दाराने. तुमच्या लेकीच्या सगळ्या पेशींत आयकेबीकेजी जनुकातला बदल आहे, म्हणून तो रक्तात सापडला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असतात आणि भ्रूणावस्थेत त्यातला एक बंद होतो. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये हे मांडलं. कोणता बंद व्हायचा हे पेशीगणिक यदृच्छेने ठरतं आणि पुढे त्या पेशीची प्रजा तोच निर्णय पाळते. मग काही पट्ट्यांत निरोगी एक्स चालू, काही पट्ट्यांत सदोष. जनुकांची प्रत सगळीकडे सारखी असूनही त्वचा मोझेइकसारखी वागते.

इन्कॉन्टिनेन्शिया पिगमेंटीत सदोष एक्स चालू असलेल्या पेशी मरत जातात आणि निरोगी पेशी जागा भरून काढतात. फोडांचा टप्पा सरतो तो यामुळे. तुमच्या पोटऱ्यांवरच्या फिकट रेघा म्हणजे त्या वाटेचा चौथा टप्पा. मुलग्यांत दुसरा एक्स नसल्याने बहुतेक वेळा गर्भपात होतो. असा मुलगा जन्मला तर त्याच्यात एक्सएक्सवाय गुणसूत्रं किंवा खराखुरा मोझेइसिझम शोधतात.

लेकीच्या डोळ्यांचा पडदा तपासला आहे ना? पहिल्या वर्षात तो पुन्हा पुन्हा बघावा लागतो, कारण तिथल्या रक्तवाहिन्यांची वाढ बिघडली तर पडदा सुटू शकतो. त्वचेचं एकवेळ लांबलं तरी चालेल, डोळ्यांची तपासणी लांबवू नका.

याच प्रकारातली एक पाहण्यासारखी चाचणी सांगते. घाम कमी येणाऱ्या एक्टोडर्मल डिसप्लेझियाच्या वाहक स्त्रियांची पाठ वरवर अगदी नेहमीसारखी असते. पाठीला आयोडीन लावून वाळवतात, वर पिष्ट लावतात आणि घाम आणवतात. जिथे घामाचा थेंब येतो तिथे निळा-काळा ठिपका उठतो, आणि त्या ठिपक्यांच्या मधून ब्लाश्कोंच्या व्ही आकाराच्या कोऱ्या वाटा दिसू लागतात. तिथे घामग्रंथीच नसतात.

दवबिंदू

डोळे दर काही आठवड्यांनी तपासतोय. सध्या ठीक आहेत. धन्यवाद, माझ्या रेघांचा अर्थ आज कळला.

त्रयस्थ

प्रयोगशाळेतून एक भर. मोझेइसिझम उलट्या दिशेनेही होतो, ही या विषयातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट आहे. आजार सगळ्या अंगात आणि मध्येच एखाद्या पेशीत दोष दुरुस्त झालेला. इक्थायोसिस विथ कॉन्फेटी या आजारात जन्मापासून सगळी त्वचा लाल, खवलेदार असते. कारण केराटिन १० मधला बदल. लहानपणापासून त्या लाल त्वचेत छोटे छोटे पांढरट ठिपके उगवू लागतात आणि वयाबरोबर वाढत शेकडो-हजारोंवर जातात. ते ठिपके म्हणजे निरोगी त्वचा! २०१० मध्ये दाखवलं गेलं की प्रत्येक ठिपक्यात पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांची देवाणघेवाण होऊन सदोष प्रत गळून पडली आहे, आणि प्रत्येक ठिपक्यात ही घटना स्वतंत्रपणे घडली आहे.

एपिडर्मोलायसिस बुलोसातही, म्हणजे जरा घासलं की फोड येणाऱ्या आजारात, १९९७ मध्ये असंच सापडलं. त्या रुग्णाच्या अंगावरच्या काही भागांत फोड येतच नव्हते. तिथल्या पेशींत कोलॅजन १७ हे त्वचेचे थर जोडून ठेवणारं प्रथिन पुन्हा बनत होतं. पुढे रुग्णाच्याच अशा बऱ्या भागातले त्वचेचे छोटे तुकडे न भरणाऱ्या जखमांवर लावून बघितले गेले आणि ते तिथे टिकले. रुग्णांना माझी विनंती आहे, अंगावर असा 'फोड न येणारा' भाग असेल तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा. दुखतं तेच दाखवायची सवय असते, पण इथे बरा भागही तेवढाच कामाचा.

संध्याराग

कारण कळलं, पण उपचारांत फरक पडतो का? माझ्या भाच्याच्या पायाची वाढ जास्त आहे, अंगावर रक्तवाहिन्यांचे डाग आहेत. पीआयके३सीए सापडलंय. ऑपरेशनं होतात आणि पुन्हा वाढतं.

सूक्ष्मदर्शी

या जनुकाच्या बाबतीत तर सगळ्यात जास्त फरक पडला आहे. पीआयके३सीएमधला बदल पेशीला सतत 'वाढ' असा इशारा देत राहतो. हाच बदल स्तनाच्या कॅन्सरमध्येही असतो, आणि त्यासाठी तयार झालेलं अल्पेलिसिब हे औषध पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात अतिवाढीच्या १९ रुग्णांना देऊन बघितलं गेलं. २०१८ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाढलेले भाग आक्रसले, रुग्णांच्या प्रकृतीत सुधारणा झाली. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्था) २ वर्षांवरच्या गंभीर रुग्णांसाठी त्याला मंजुरी दिली. रक्तातली साखर वाढणं हा त्याचा ठळक दुष्परिणाम, त्यामुळे हे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायचं औषध आहे. सिरोलिमस हे औषधही वाढीच्या याच इशाऱ्यांच्या साखळीवर काम करतं. भाच्याच्या डॉक्टरांशी या दोन्हींबद्दल स्पष्ट बोला.

बाकी डागांचं थोडक्यात. पोर्ट-वाइन स्टेनला पल्स्ड डाय लेझर. जीएनएक्यू जनुकातला बदल २०१३ मध्ये सापडला असला तरी उपचार अजून लेझरच. डाग कपाळावर किंवा पापणीवर असेल तर स्टर्ज-वेबरसाठी (डागासोबत मेंदू आणि डोळ्यांतल्या रक्तवाहिन्याही बिघडतात तो आजार) मेंदूची तपासणी करायला आणि डोळ्यांचा दाब बघायलाच हवा. डोक्यावरचा केस नसलेला पिवळसर चट्टा म्हणजे सिबेशियस नीव्हस, त्यात कॅन्सर हमखास होतो ही जुनी भीती. त्यावर येणाऱ्या गाठी बहुतेक साध्या असतात, म्हणून हल्ली सरसकट लहानपणीच काढून टाकत नाहीत. लक्ष ठेवतात.

कणाद

त्वचेचा नमुना घेताना काय लक्षात ठेवायचं तेही लिहा. आमच्याकडे नुकताच एक नमुना वाया गेला.

सूक्ष्मदर्शी

मुख्य गोष्ट ही की डाग असलेल्या जागेचाच नमुना हवा, सोबत रक्त तुलनेसाठी. भूल देऊन काही मिलिमीटरचा पंच (त्वचेचा छोटा गोल तुकडा) घेतात, एखादा टाका पडतो. तुकडा सगळाच्या सगळा फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवायच्या द्रवात) टाकू नये, त्याने डीएनए तुटतो. अर्धा पॅथॉलॉजीला, अर्धा ताजा जनुकीय तपासणीला, असं आधीच ठरवावं. बदल फक्त वरच्या थरात असेल तर तो थर सोडवून घ्यावा लागतो, नाहीतर खालच्या थरातल्या निरोगी पेशींत तो झाकला जातो.

शिवाय तपासणी कोणती हे विचारा. डीएनए वाचण्याच्या जुन्या सँगर पद्धतीला साधारण १५–२० टक्क्यांच्या खालचा बदल दिसत नाही. पोर्ट-वाइन स्टेनमध्ये बदललेल्या प्रतींचं प्रमाण १ ते १८ टक्के इतकंच आढळलं होतं. तिथे एकच जागा हजार-हजार वेळा वाचणारं डीप सिक्वेन्सिंग लागतं. पॅलिस्टर-किलियन सिंड्रोममध्येही रक्तातली गुणसूत्रं अगदी नॉर्मल दिसू शकतात आणि त्वचेच्या पेशींत मात्र १२व्या गुणसूत्राचा जादा तुकडा स्पष्ट दिसतो.

पाऊलवाट

बरेच दिवस वाचनमात्र होते, पण हा प्रश्न विचारायलाच हवा. माझ्या पाठीच्या उजव्या भागातच तपकिरी डाग आणि मऊ गाठी आहेत. सेगमेंटल न्यूरोफायब्रोमॅटोसिस म्हणतात. रक्तात काही नाही. आम्ही आता मुलाचा विचार करतोय. रक्त नॉर्मल म्हणजे बाळाला धोका नाही, असं मला सांगण्यात आलं आहे. हे खरं का?

सूक्ष्मदर्शी

पाऊलवाट, हे अर्धंच खरं आहे आणि वर मी 'सगळ्यांना लागू नाही' म्हटलं ते अशाच प्रसंगासाठी.

जीएनएएस किंवा एकेटी१सारखा बदल सगळ्या अंगात असता तर गर्भ जगत नाही. एनएफ१चं, म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या जनुकाचं, तसं नाही. तो सगळ्या पेशींत असला तरी माणूस जन्मतो आणि जगतो. तुमच्या पाठीत असलेला बदल स्त्रीबीजांपैकी काहींत पोचला आहे का, हे रक्तावरून कळत नाही. धोका पूर्ण एनएफ१ असलेल्या व्यक्तीच्या ५० टक्क्यांपेक्षा खूप कमी असतो, पण शून्य म्हणता येत नाही. आणि बाळाकडे तो गेला तर बाळाच्या प्रत्येक पेशीत जातो. आईला एका भागात, बाळाला सगळ्या अंगावर. केराटिन १ आणि १० मध्येही हेच दिसलं आहे. आई किंवा वडिलांच्या अंगावर नुसते खरखरीत पट्टे, मूल मात्र जन्मतःच संपूर्ण त्वचेच्या आजाराचं. १९९४ मध्ये ते जनुकांवरून सिद्ध झालं.

आता करता येण्यासारखं. आधी तुमच्यातला नेमका बदल शोधावा लागेल. त्यासाठी दोन वेगवेगळ्या जागांचे नमुने द्यावेत. गाठीत दोन बदल असतात, एक मूळचा आणि एक त्या गाठीपुरता नंतर झालेला. दोन्ही नमुन्यांत जो समान निघतो तो मूळचा. पेशीही योग्य निवडाव्या लागतात: तपकिरी डागातून रंगपेशी, गाठीतून श्वान पेशी (मज्जातंतूंभोवती आवरण घालणाऱ्या), प्रयोगशाळेत वाढवून. मूळचा बदल हाती आला की गर्भाची तपासणी किंवा आयव्हीएफमधल्या भ्रूणाची तपासणी शक्य होते.

पाऊलवाट

म्हणजे दिवस जायच्या आधीच नमुने द्यायला हवेत?

सूक्ष्मदर्शी

हो, आधीच. पेशी वाढवण्यात आणि तपासणीत कित्येक आठवडे जातात, आणि गर्भ राहिल्यावर तेवढा वेळ हाताशी नसतो. जनुकीय समुपदेशकांची वेळ घ्या. जाताना डागांचे फोटो, रक्ताचा रिपोर्ट आणि आधी काढलेल्या गाठींचे पॅथॉलॉजी रिपोर्ट न्या. काढलेल्या गाठीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) रुग्णालयात जपून ठेवलेला असेल तर तोही मागवून घ्या, एक नमुना कदाचित त्यातूनच मिळेल.

पाऊलवाट

ब्लॉकचं माहीतच नव्हतं. एक गाठ काढली होती, विचारते.

त्रयस्थ

पाऊलवाट, तो ब्लॉक फॉर्मालिनमधला असणार, त्यामुळे डीएनए तुटका निघू शकतो. तो जमेस धरा, पण ताजा नमुना एक तरी द्याच.